समजल्याचा भास देणारे व्हिडिओ

विज्ञान, इतिहास आणि संस्कृती या विषयांवरचे रंजक व्हिडिओ आता केवळ फावल्या वेळचा विरंगुळा राहिलेले नाहीत. विद्यार्थी ते परीक्षेच्या आदल्या रात्री पाहतात, शिक्षक वर्गात दाखवतात, आणि शिक्षण संपून अनेक वर्षे लोटलेल्या माणसांचा कृष्णविवरे, पेशी किंवा रोमन साम्राज्य यांच्याशी जो काही संबंध उरतो तो बहुधा अशाच व्हिडिओंमधून येतो. एवढा मोठा शिक्षणव्यवहार ज्या माध्यमातून चालतो, त्याची समीक्षा मात्र दोनच ठरावीक सुरांत होते. एक सूर तक्रारीचा असतो : ज्ञानाचा तमाशा झाला, गांभीर्य संपले, मुलांना आता रंगीत चित्रांशिवाय काही पचत नाही. दुसरा सूर गौरवाचा असतो : जे ज्ञान मूठभरांच्या हाती होते ते सर्वांना खुले झाले, आणि तेही फुकट. दोन्ही सुरांत तथ्य आहे, पण दोन्ही मनोरंजनाभोवतीच घोटाळतात. माझ्या मते येथे मनोरंजनाला आरोपीही करू नये आणि त्याचा सत्कारही करू नये. कसून बनवलेला व्हिडिओ संपतो तेव्हा प्रेक्षकाला विषय समजल्यासारखे वाटते, आणि हे वाटणे प्रत्यक्ष समजण्याशी फार सैल धाग्याने बांधलेले असते. खरा प्रश्न तेथे आहे. म्हणून अशा व्हिडिओची पारख करताना तो किती रंजक आहे किंवा त्यातली विधाने किती अचूक आहेत एवढ्यावर थांबून चालणार नाही. ही गोष्ट माणसाला कशी कळली हे तो दाखवतो का, आणि प्रेक्षकाच्या मनात आधीच ठाण मांडून बसलेल्या चुकीच्या कल्पनेला तो हात घालतो का, हे विचारावे लागेल.

मनोरंजनावरचा आक्षेप आधी निकालात काढू, कारण तो इतिहासाला धरून नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी विज्ञानाची व्याख्याने देण्याची प्रथा १८२५ मध्ये सुरू झाली, आणि त्यांपैकी १९ व्याख्यानमाला मायकेल फॅरडे यांनी दिल्या. विद्युत आणि चुंबकत्व यांच्या अभ्यासात ज्यांचे नाव अग्रभागी आहे अशा या शास्त्रज्ञाने मुलांपुढे बोलण्यासाठी मेणबत्ती निवडली, आणि एवढ्या एका वस्तूवर अख्खी व्याख्यानमाला उभी केली. त्यांनी काचेच्या वाकड्या नळीचे एक टोक ज्योतीच्या मधल्या काळपट भागात धरले, तेथील वाफ नळीतून दुसऱ्या टोकाला आली आणि त्या टोकापाशी ती पेटवून दाखवली. मेणबत्तीत जळते ती मेणाची वाफ, हे वाक्य त्या सभागृहातल्या मुलांना उच्चारण्याआधीच दिसले असणार. हा प्रयोग नाट्यपूर्ण होता, त्यात टाळ्या घेण्याची ताकद होती, आणि तरीही त्यात उथळ असे काही नव्हते, कारण नाट्य आणि पुरावा ही तेथे एकच गोष्ट होती. मुलाने घरी जाऊन मोठ्यांच्या देखरेखीखाली तेच करून पाहिले असते तर फॅरडे यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची त्याला गरजही उरली नसती. रंजकता ज्ञानाला पोषक केव्हा ठरते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

विद्वानांनी अशा कामाकडे नाक मुरडून पाहण्याची परंपराही जुनीच आहे. कार्ल सेगन यांची विश्वाविषयीची १३ भागांची दूरचित्रवाणी मालिका १९८० मध्ये प्रसारित झाली आणि जगभर पाहिली गेली. ग्रहांच्या वातावरणावर त्यांनी केलेले संशोधन मान्यताप्राप्त होते, तरीही १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये त्यांची निवड होऊ शकली नाही. त्यांची लोकप्रियता त्यांच्या आड आली असे तेव्हाही बोलले गेले आणि आजही बोलले जाते. दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, त्याच संस्थेने लोकहिताच्या कार्यासाठीचे आपले पदक त्यांना दिले. म्हणजे काम उपयुक्त आहे हे मान्य, पण ते करणारा आपल्या पंक्तीला नको! या वृत्तीचा परिणाम काय होतो याकडे पुढे वळू.

आता मुख्य मुद्दा. डेरेक म्युलर हे नाव आज व्हेरिटासियम या यूट्यूब चॅनेलमुळे ओळखले जाते, परंतु त्याआधी त्यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडी केली होती आणि २००८ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषयच भौतिकशास्त्र शिकवणारे व्हिडिओ परिणामकारक कसे करावेत हा होता. हातातून वर फेकलेला चेंडू हवेत असताना त्याच्यावर कोणते बल कार्य करते, असे विचारले तर बहुतेक जण सांगतात की हाताने दिलेले वरच्या दिशेचे बल असते, ते हळूहळू संपते आणि मग गुरुत्वाकर्षण त्याच्यावर मात करते. प्रत्यक्षात हात सुटल्यानंतर, हवेचा रोध सोडला तर, चेंडूवर सर्व वेळ एकच बल असते : खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण. म्युलर यांनी काही विद्यार्थ्यांना हे नेमके, स्वच्छ आणि चित्रांसह सांगणारा व्हिडिओ दाखवला. विद्यार्थ्यांना तो स्पष्ट आणि सोपा वाटला, आपण बरोबर आहोत ही त्यांची खात्री वाढली, आणि नंतरच्या चाचणीतले गुण मात्र जवळजवळ होते तेथेच राहिले. इतर काही विद्यार्थ्यांना दाखवलेल्या व्हिडिओत दोन व्यक्तींचा संवाद होता. त्यात चुकीची कल्पना आधी मोकळेपणाने मांडली जाई आणि मग तिचा प्रतिवाद होई. हा व्हिडिओ विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारा वाटला, पण शिकणे घडले ते याच गटात.

या निष्कर्षाकडे नीट पाहिले तर तो अस्वस्थ करणारा आहे. पहिल्या व्हिडिओतले प्रत्येक वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होते. त्यात अतिशयोक्ती नव्हती, थिल्लरपणा नव्हता, आणि कोणत्याही परीक्षकाने तो निर्दोष ठरवला असता. तरीही तो पाहून काही विद्यार्थ्यांची समजूत अशी झाली की व्हिडिओने आपल्याच मताला दुजोरा दिला. मनात आधीच एक उत्तर तयार असले की माणूस समोरचे बोलणे त्या उत्तराच्या साच्यात बसवून ऐकतो, आणि निवेदन जितके गुळगुळीत असेल तितके हे बसवणे सोपे जाते. कुठे अडखळायलाच होत नाही, मग आपली चूक लक्षात यावी कशी? हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. ज्या विद्यार्थ्यांना वर्गात स्वतः गणिते सोडवावी लागली ते अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. आणि ज्यांनी सफाईदार व्याख्यान ऐकले त्यांना आपण अधिक शिकलो असे वाटले, पण ते कमी शिकले होते. आता व्हिडिओखालच्या पसंतीच्या खुणा आणि 'शाळेत कधीच कळले नव्हते ते दहा मिनिटांत कळले' अशा प्रतिक्रिया या पार्श्वभूमीवर वाचून पाहाव्यात. त्या खोट्या असतात असे मी म्हणत नाही. त्या समजल्याच्या भावनेची नोंद करतात, एवढेच.

विज्ञानाच्या व्हिडिओत आणखी एक अडचण असते, आणि ती निवेदनातून येत नाही, चित्रातून येते. शब्दांपेक्षा चित्र अधिक काळ लक्षात राहते, म्हणूनच चित्र जर चुकीचे काही शिकवत असेल तर त्याखाली बोललेली बरोबर वाक्ये फारशी उपयोगाची नसतात. ऋतू का होतात हे सांगणारे व्हिडिओ घ्या. पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे ऋतू होतात असे निवेदक अगदी बरोबर सांगतो, पण त्याच वेळी पडद्यावर पृथ्वीची कक्षा लांबट अंड्यासारखी दिसत असते, कारण ती बाजूने, तिरप्या कोनातून रेखाटलेली असते. प्रत्यक्षात ही कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर म्हणजे सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. उत्तर गोलार्धातला हिवाळा पृथ्वी सूर्याच्या जवळ असतानाच येतो. सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि दूर गेला की हिवाळा ही समजूत ज्याच्या मनात आहे, त्याला ते लांबट अंडे पाहून आपलेच बरोबर असल्याची खात्री पटते. ही समजूत किती चिवट आहे हे १९८७ मधल्या एका माहितीपटाने हार्वर्डच्या पदवीदान समारंभात दाखवून दिले होते : तेथे विचारलेल्या २३ जणांपैकी २१ जणांना ऋतूंचे किंवा चंद्रकलांचे कारण नीट सांगता आले नाही. एवढ्या वर्षांत ॲनिमेशनचे तंत्र कुठल्या कुठे गेले; ते लांबट अंडे मात्र अनेक ठिकाणी अजून तसेच आहे.

पेशीच्या आतले जग दाखवणाऱ्या ॲनिमेशनमध्येही हेच घडते. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी २००६ मध्ये तयार झालेल्या अशाच एका सुंदर चित्रणात प्रथिनाचा एक रेणू भली मोठी पिशवी ओढत, धाग्यावरून तालात पावले टाकत चालताना दिसतो, आणि त्याच्या आजूबाजूला मोकळे, शांत अवकाश असते. हे दृश्य मीही मुग्ध होऊन पाहिले आहे. पण खरी पेशी आतून खचाखच भरलेली असते, पाण्याचे रेणू प्रत्येक गोष्टीला सर्व बाजूंनी अखंड धक्के देत असतात, आणि त्या रेणूची चाल ही या धक्काबुक्कीतून कशीबशी एका दिशेला निघालेली वाट असते. शिस्तबद्ध, हेतुपूर्ण हालचाल पाहणाऱ्याला वाटते की रेणूला कुठे जायचे ते ठाऊक आहे. यादृच्छिक हालचालींतून सुव्यवस्था कशी निर्माण होते हा जीवशास्त्रातला सर्वांत विलक्षण भाग, आणि चित्र देखणे करण्याच्या ओघात नेमका तोच गळून पडतो.

याच्या उलट एक उदाहरण दिले पाहिजे, नाहीतर चित्र म्हटले की फसवणूक असा समज होईल. थ्रीब्लूवनब्राउन या चॅनेलवर ग्रँट सँडरसन २०१५ पासून गणिताचे व्हिडिओ करत आहेत, आणि त्यातली चित्रे त्यांनी स्वतः लिहिलेल्या, पुढे सर्वांना खुल्या केलेल्या संगणकप्रणालीतून तयार होतात. तेथील वक्ररेषा कोणी हाताने सुबक काढलेली नसते. समीकरणाला जशी यायची तशीच ती येते, आणि समीकरण बदलले तर चित्रही बदलते. सारणीने (मॅट्रिक्सने) प्रतल कसे ताणले जाते किंवा फिरते हे पाठ्यपुस्तकाच्या स्थिर आकृतीला दाखवता येणार नाही. हलत्या चित्राला ते येते. जेथे बदल हाच विषयाचा गाभा आहे तेथे व्हिडिओ हे पुस्तकाच्या पुढचे साधन आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

इतिहासाकडे वळल्यावर मात्र प्रश्न अधिक बिकट होतो. चेंडूवरचे बल किंवा मेणाची वाफ प्रेक्षकाला निदान तत्त्वतः स्वतः तपासता येते. भूतकाळ तपासण्याचे त्याच्यापाशी काहीच साधन नसते, आणि त्याला निवेदकाच्या आवाजावरच विसंबावे लागते. त्यात कथेची ओढ भर घालते. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयाची गोष्ट अशा व्हिडिओंमध्ये बहुधा एका रात्रीची असते : ज्वाळा उठतात, पोथ्या जळतात, आणि मानवजात हजार वर्षे मागे फेकली जाते. उपलब्ध पुरावा सांगतो ती कहाणी लांबलचक आणि विस्कळीत आहे. ख्रिस्तपूर्व १४५ च्या सुमारास आठवा टॉलेमी या राजाच्या काळात विद्वानांना शहर सोडावे लागले. ख्रिस्तपूर्व ४८ मध्ये ज्युलियस सीझरच्या युद्धात लागलेल्या आगीत काही पोथ्या नष्ट झाल्या, पण किती आणि कोणत्या याबद्दल प्राचीन लेखकांतच एकवाक्यता नाही. नंतरच्या काळात राजाश्रय आटला, आणि इसवी सन ३९१ च्या सुमारास, ग्रंथालयाचा एक भाग जेथे होता ते सेरापिस देवतेचे मंदिर पाडले गेले तेव्हा तेथे पोथ्या उरल्या होत्या का, हेही निश्चित नाही. शिवाय या पोथ्या ज्यावर लिहिल्या जात तो पपायरस, म्हणजे वनस्पतीपासून केलेला कागद, हा टिकाऊ पदार्थ नव्हे. त्याच्या नकला सतत करत राहाव्या लागत, आणि नकला करणारे हात थांबले की कोणी आग न लावताही ग्रंथ नाहीसे होत.

दुसरी कहाणी पहिलीइतकी चित्रमय नाही. तिच्यात खलनायक एक नाही, दिवस एक नाही, आणि 'निश्चित सांगता येत नाही' हे वाक्य तिच्यात वारंवार येते. पण माझ्या मते तीच अधिक विचार करायला लावणारी आहे, कारण ज्ञान टिकवणे हे किती खर्चिक, कंटाळवाणे आणि सातत्याचे काम आहे हे तिच्यातून कळते. आगीच्या गोष्टीतून केवळ कोणावर रागवायचे एवढेच कळते. व्हिडिओकर्त्यांची येथे एक सबब असते की प्रेक्षकाला संदिग्धता सहन होत नाही. ती मला पटत नाही. गुन्ह्याचा तपास करणाऱ्या मालिका लोक तासन् तास पाहतात, आणि त्यांचे सारे आकर्षण कोणता पुरावा खरा आणि कोणता साक्षीदार खोटा या संदिग्धतेतच असते. इतिहासकाराचे रोजचे काम नेमके तेच आहे. ते पडद्यावर आणण्याऐवजी त्याचा फक्त निकाल वाचून दाखवला जातो, आणि मग इतिहास रटाळ असतो म्हणून त्यावर पार्श्वसंगीत चढवावे लागते.

हलत्या नकाशांबद्दलही एक वाक्य लिहिणे भाग आहे. साम्राज्याचा रंग पडद्यावर पसरत जातो तेव्हा सीमा जितकी ठसठशीत दिसते तितकी ती बहुतेक प्राचीन राज्यांची कधीच नव्हती. कर कोठवर वसूल होत असे, सैन्य कोठवर जात असे आणि नाव कोठवर घेतले जात असे या तीन वेगळ्या सीमा असत. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रतिमांची भर पडली आहे. जुन्या रेखाचित्राकडे पाहताना ते कोणीतरी काढले आहे एवढे तरी कळत असे. छायाचित्राइतकी खरी भासणारी प्राचीन नगरी पाहताना कोणता खांब उत्खननात सापडला आणि कोणता यंत्राने कल्पिला, हे सांगण्याची सोय त्या प्रतिमेतच नसते. म्हणून अशी प्रतिमा वापरताना ती कल्पित असल्याचे पडद्यावरच, त्याच क्षणी लिहिले पाहिजे. वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेली कबुली पुरेशी नाही.

संस्कृतीविषयक व्हिडिओंचा दोष निराळा आहे. ते ज्यांच्याविषयी बोलतात त्या लोकांना बहुधा बोलू देत नाहीत. प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटावरच्या प्रचंड दगडी मूर्तींचे उदाहरण बोलके आहे. असंख्य व्हिडिओंत त्या मूर्ती म्हणजे एका नाहीशा झालेल्या समाजाचे गूढ असते : झाडे तोडली, बेट उजाड केले, आपसांत लढले आणि संपले. मुळात हा समाज संपलेलाच नाही. रापा नुई लोक आजही त्या बेटावर राहतात आणि आपली भाषा जपण्यासाठी धडपडतात. त्यांची संख्या भयानक घटली ती बाहेरच्यांमुळे. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी सुमारे दीड हजार माणसे पळवून नेली, मागोमाग साथी आल्या, आणि १८७७ मध्ये बेटावर फक्त १११ माणसे उरली. बेटवासीयांच्या पूर्वजांच्या डीएनएवरचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याच्या कल्पनेला आधार देत नाही. मूर्ती चालत आपल्या जागी गेल्या असे बेटावरची परंपरा सांगत आली, आणि मूर्तीला दोर बांधून, दोन्ही बाजूंनी झुलवत उभ्यानेच पुढे नेता येते हे संशोधकांनी नंतर प्रयोगाने दाखवले. 'गूढ' हे लेबल लावून लोकांचे लक्ष वेधता येते हे खरे, पण त्या लेबलाखाली एका जिवंत समाजाचे म्हणणे दडपले जाते.

हे सर्व व्हिडिओकर्त्यांच्या आळसातून होते असे समजणे अन्यायाचे होईल, कारण ते ज्या व्यवस्थेत काम करतात तिचे नियम त्यांनी केलेले नाहीत. यूट्यूबने २०१२ मध्ये व्हिडिओ सुचवताना किती जणांनी पाहिला यापेक्षा किती वेळ पाहिला याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. हा बदल तसा विचारपूर्वक केलेला होता, कारण केवळ भडक शीर्षकावर दाबले जाणे मोजले तर फसव्या शीर्षकांचेच पीक येते. पण वेळ मोजण्याचाही एक कल असतो. प्रेक्षक ज्या क्षणी थांबून विचार करू लागतो, वही काढतो किंवा पुस्तक शोधायला उठतो, तो क्षण शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आणि या मोजणीच्या दृष्टीने सर्वांत तोट्याचा असतो. व्हिडिओच्या मध्ये जाहिराती टाकण्यासाठी लागणारी किमान लांबी २०२० मध्ये दहा मिनिटांवरून आठ मिनिटांवर आली, तेव्हा विषयांची नैसर्गिक लांबीही आठ मिनिटांच्या आसपास येऊ लागली तर नवल नाही. उभ्या पडद्यावरच्या मिनिटभराच्या तुकड्यांबद्दल तर बोलायलाच नको. एखादी गोष्ट कशी कळली हे सांगायला तेथे जागाच नसते, म्हणून निष्कर्ष तेवढा उरतो, आणि पुराव्याविना निष्कर्ष ऐकून घेण्याची सवय लागलेला प्रेक्षक पुढे कोणाचाही निष्कर्ष ऐकून घेतो.

चूक झाली तर काय, हा पुढचा प्रश्न. पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढता येते. यूट्यूबवर मात्र चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच पत्त्यावर दुरुस्त व्हिडिओ ठेवता येत नाही, त्यामुळे चुकीचे वाक्य लाखो लोकांपुढे जात राहते आणि दुरुस्ती खालच्या मजकुरात पडून राहते. अशा वेळी कुर्त्सगेझाग्ट या जर्मन चॅनेलने २०१९ मध्ये जे केले ते उल्लेखनीय आहे. व्यसन आणि निर्वासित या विषयांवरचे आपले दोन लोकप्रिय व्हिडिओ आपल्याच आताच्या निकषांना उतरत नाहीत असे सांगून त्यांनी ते काढून टाकले, आणि आपली संशोधनाची पद्धत समजावणारा स्वतंत्र व्हिडिओ केला. त्यामागे टीकेला आधीच उत्तर देण्याची घाई होती असा आरोप तेव्हा झाला, आणि तो अगदीच निराधार नसेल. तरीही लोकप्रिय व्हिडिओ मागे घेणे म्हणजे उत्पन्नावर पाणी सोडणे, आणि ते करणारे फार थोडे आहेत.

याहून मोलाची घटना मला व्हेरिटासियमच्या २०२१ मधल्या विजेवरच्या व्हिडिओभोवती घडलेली वाटते. त्यात एक कोडे होते : बॅटरी आणि बटण यांपासून दिवा फक्त एक मीटरवर आहे, पण त्यांना जोडणाऱ्या तारा प्रत्येकी तीन लाख किलोमीटर लांब, म्हणजे प्रकाशाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला सुमारे एक सेकंद लागेल अशा आहेत, बटण दाबल्यावर दिवा लागायला किती वेळ लागेल? म्युलर यांचे उत्तर होते की प्रकाशाला एक मीटर ओलांडायला लागतो तेवढाच, कारण ऊर्जा तारेच्या आतून वाहत नाही, तारेभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून जाते. त्यावर अभियंते आणि भौतिकशास्त्रज्ञ तुटून पडले. काहींनी दाखवून दिले की सुरुवातीला दिव्यापर्यंत पोहोचणारा प्रवाह अगदी क्षीण असेल, आणि ज्याला आपण दिवा लागणे म्हणतो ते तारेतून संकेत फिरून आल्यावरच होईल. एकाने तर एक किलोमीटर तार आणून प्रत्यक्ष मोजमाप केले. लगेच येणारा छोटा प्रवाह आणि काही क्षणांनी येणारा मोठा प्रवाह दोन्ही आलेखावर स्पष्ट दिसले. पुढच्या वर्षी म्युलर यांनी टीकेची दखल घेत, स्वतः प्रयोग करून दुसरा व्हिडिओ प्रसिद्ध केला. पहिला व्हिडिओ एकटा पाहणाऱ्याच्या पदरी एक चमकदार, अर्धवट कळलेले विधान पडले. ज्याने हा सारा वाद पाहिला त्याला विधान, आक्षेप, मोजमाप आणि सुधारणा हा विज्ञानाचा व्यवहार त्याच्या मूळ क्रमाने पाहायला मिळाला, आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतक्या जिवंतपणे सहसा येत नाही.

अशा वादात भाग घेणारे जाणकार वाढवायचे असतील तर विद्यापीठांना सेगन यांच्या वेळची वृत्ती सोडावी लागेल. व्हिडिओच्या संहितेची तपासणी करणे, प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओचे सविस्तर परीक्षण लिहिणे, किंवा स्वतः व्हिडिओ करणे हे काम प्राध्यापकाच्या कामगिरीत आज जवळजवळ मोजले जात नाही. दहा जण वाचतील असा शोधनिबंध मोजला जातो. पुस्तकांच्या परीक्षणांना नियतकालिकांत स्थान असते, मग त्याहून कितीतरी अधिक लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या व्हिडिओंच्या परीक्षणांना का नसावे? जाणकारांनी मैदान सोडल्यावर ते कोणी व्यापले याबद्दल नंतर गळा काढण्यात अर्थ नाही. व्हिडिओकर्त्यांकडूनही तीन अपेक्षा रास्त आहेत. स्रोत विधानागणिक द्यावेत, पैसा कोणाचा आहे हे सुरुवातीलाच आणि ठळकपणे सांगावे, आणि जेथे तज्ज्ञांत मतभेद आहे तेथे तो मतभेदच कथेचा विषय करावा.

शिक्षकांच्या हातात तर आजच एक साधा उपाय आहे. हार्वर्डमध्ये वर्गातल्या भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की ज्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक नुसतेच पाहिले त्यांना त्यामागचे तत्त्व न पाहणाऱ्यांपेक्षा फारसे अधिक कळले नव्हते. मात्र काय होईल याचा अंदाज ज्यांनी आधी नोंदवला आणि मग प्रात्यक्षिक पाहिले त्यांची समज लक्षणीयरीत्या वाढली. त्यासाठी वर्गातली जेमतेम दोन-चार मिनिटे अधिक लागली. व्हिडिओ उत्तराच्या आधी थांबवणे, प्रत्येकाला आपला अंदाज लिहायला लावणे आणि मगच पुढचा भाग दाखवणे, एवढे जो शिक्षक करतो त्याच्या वर्गात साधारण व्हिडिओही कामाचा ठरतो, आणि जो दिवे मालवून सलग वीस मिनिटे उत्कृष्ट व्हिडिओ दाखवतो त्याच्या वर्गात ती उत्कृष्टता बरीचशी वाया जाते. इतिहासाच्या तासाला हेच वेगळ्या रीतीने करता येईल : साधने आधी वर्गापुढे ठेवावीत, त्यांतून काय निष्पन्न होते यावर मुलांना वाद घालू द्यावा, आणि व्हिडिओ शेवटी, त्यालाही एक साधन मानून, तपासायला द्यावा.

यावर व्हिडिओकर्ते म्हणतील की वर्गात हे ठीक आहे, कारण विद्यार्थी बाकावरून उठून जाऊ शकत नाही. मोकळ्या प्रेक्षकाला अडवून प्रश्न विचारला, त्याची चूक दाखवली, तर तो दुसऱ्या व्हिडिओकडे निघून जाईल. ही भीती अनुभवाला धरून नाही. म्युलर यांनी आपल्या प्रबंधातलाच धडा चॅनेलवर उतरवला : रस्त्यावरच्या लोकांना प्रश्न विचारायचा, त्यांची चुकीची उत्तरे मोकळेपणाने ऐकवायची, प्रेक्षकालाही त्यांच्यासोबत चुकू द्यायचे आणि मग प्रयोग करायचा. त्या चॅनेलच्या वर्गणीदारांची संख्या एक कोटीच्या पुढे कधीच गेली आहे.